आई ‘गुडघा’ म्हणाली, दुखत होती जांघ

वाचकाचं पत्र

माझं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. मला निपाणीला दिली. आई ७८ वर्षांची, अंगानं पहिल्यापासून काटकुळी, आता वजन ३६ किलो. आम्ही सहा भावंडं. गेलं दीड वर्ष ती उजवा गुडघा दुखतो म्हणते. झीज म्हणून गोळ्या झाल्या, पट्टा झाला, तेल लावून चोळून झालं. पाय पोटाशी घेऊन कुशीवर निजली की बरं वाटतं म्हणते. मधे दोनदा पोट फुगून उलट्या झाल्या, आपोआप थांबल्या. वायुगोळा म्हणून आम्ही सोडून दिलं. गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा झालं तेव्हा बेळगावला अ‍ॅडमिट केलं. सीटी स्कॅनमध्ये ‘उजव्या बाजूचा ऑब्च्युरेटर हर्निया, आत आतडं अडकलेलं’ असं आलं. रात्रीत आतडं आपोआप सुटलं, उलट्या थांबल्या. डॉक्टर म्हणाले, लगेच दुर्बिणीनं ऑपरेशन करून घ्या. भाऊ म्हणतो, आता बरी आहे, भाताची कापणी तोंडावर आहे, तुळशीचं लग्न झाल्यावर बघू. या वयात कापाकापी कशाला, असंही त्याचं म्हणणं. गाठ तर कुठंच दिसत नाही, मग हर्निया कसा? पट्टा लावून चालणार नाही का? आणि आई एकच विचारते, ऑपरेशन झाल्यावर लुगडं नेसता येईल का?

— एक लेक, निपाणी

ताई,

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. तुळशीच्या लग्नापर्यंत थांबू नका. आईला या आठवड्यातच त्या सर्जनकडं परत न्या आणि ऑपरेशनची तारीख घेऊन या. मी आईला तपासलेलं नाही. तिचं हृदय, फुप्फुस, रक्त बघून शेवटचा निर्णय तेच डॉक्टर घेतील. पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मला रात्री झोप लागली नाही, हे खरं सांगते.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत अशीच एक आजी माझ्या हातून निसटली. तशीच वाळलेली, नऊवारीतली, ‘पाय दुखतोय बाई’ म्हणत आलेली. पोट फुगलं होतं, उलट्या होत होत्या. मी पोट तपासलं, बेंबी बघितली, लुगडं जेवढं सरकलं तेवढ्यात जांघेवर हात फिरवला. गाठ नव्हती. त्या हॉस्पिटलात तेव्हा सीटीची सोय नव्हती. सलाइन लावलं, नाकातून नळी घातली, वाट बघितली. तिसऱ्या दिवशी पोट उघडलं तेव्हा वीतभर आतडं काळं पडलं होतं. ते कमरेच्या हाडातल्या एका फटीत जाऊन बसलं होतं. आजी वाचली नाही. ‘पाय दुखतोय’ हे तिनं मला पहिल्याच मिनिटाला सांगितलं होतं. मी ते ऐकलं आणि वयावर घातलं.

म्हणून तुमच्या पत्रातला ‘गुडघा’ हा शब्द मी दोनदा वाचला. आपल्याकडच्या या वयाच्या बायका ‘जांघ’ हा शब्द उच्चारत नाहीत. डॉक्टरसमोर तर नाहीच, लेकीसमोरही नाही. जांघेपासून गुडघ्यापर्यंत कुठंही कळ आली की त्या हात गुडघ्यावर ठेवतात. डॉक्टरही मग लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतो, गुडघा दाबतो, एक्स-रे काढतो. ७८ व्या वर्षी एक्स-रेत झीज दिसणारच. ती दिसली की पुढं कोणी बघत नाही. आज संध्याकाळी आईजवळ एकट्या बसा आणि म्हणा, ‘नाव नको घेऊस, नुसतं बोटानं दाखव, कळ कुठून निघते नि कुठवर जाते.’ बोट मांडीच्या आतल्या बाजूनं जांघेतून खाली गुडघ्याकडं सरकलं, तर सीटीनं जे सांगितलं तेच ती दीड वर्ष सांगत होती.

आता गाठ का दिसत नाही ते. कमरेच्या हाडाला खाली दोन बाजूंना दोन मोठी भोकं असतात. ती उघडी नसतात, त्यांच्यावर चिवट पडदा ताणलेला असतो. ‘ऑब्च्युरेटर’ हा शब्दच बंद करणं या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. डेऱ्याच्या तोंडावर फडकं बांधावं आणि कडेला रवीची दोरी जाईल एवढी जागा सोडावी, तसं त्या पडद्याच्या वरच्या कडेला एक बारीक भुयार असतं. लांबी दोन-तीन सेंटिमीटर, रुंदी जेमतेम एक. त्यातून एक मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या पोटातून मांडीत उतरतात. उरलेल्या फटीत चरबीचा बोळा असतो आणि तोच दार बंद ठेवतो. बाई वाळली की हा बोळाही वाळतो. बाळंतपणांनी तिथले स्नायू आधीच सैल झालेले असतात. बायकांची कमर रुंद, भुयारही पुरुषांपेक्षा मोठं, त्यामुळं हा आजार पुरुषांच्या मानानं बायकांत सहा ते नऊ पट जास्त आढळतो. वर चुलीच्या धुरानं जडलेला खोकला आणि शौचाला कुंथण्याची सवय असली की पोटातला दाब आतड्याला त्याच फटीकडं ढकलतो. इंग्रजीत याला ‘वाळक्या म्हाताऱ्या बाईचा हर्निया’ अशा अर्थाचं नावच पडलंय. डावीकडं मोठ्या आतड्याचा एक भाग त्या फटीवर आडवा येतो, म्हणून बहुतेक वेळा बाजू उजवीच असते. तुमच्या आईचीही उजवीच.

जांघेतला नेहमीचा हर्निया, ज्याला आपल्याकडं अंतर्गळ म्हणतात किंवा ‘आतडं उतरलं’ म्हणतात, तो कातडीखाली येतो. म्हणून खोकल्यावर फुगतो, आडवं पडल्यावर आत जातो, हाताला लागतो. हा मात्र मांडीच्या स्नायूंच्या खाली, खोल दडलेला असतो. उभं केलं, खोकायला लावलं, तरी वरून काही दिसत नाही. पट्ट्याचा प्रश्नही इथंच मिटतो. पट्टा कातडीवर दाबतो आणि ही फट कितीतरी आत, हाडात आहे. पट्ट्यावर एक रुपया घालवू नका.

भुयारात शिरलेलं आतडं तिथून जाणाऱ्या मज्जातंतूला दाबतं. तो मांडीच्या आतल्या बाजूला जातो, म्हणून पोटातला आजार मांडीत दुखतो. पाय सरळ लांब केला, थोडा बाहेर नेला आणि आतल्या बाजूला वळवला की कळ वाढते. गुडघा पोटाशी घेतला की तंतूवरचा ताण सुटतो आणि बरं वाटतं. एकोणिसाव्या शतकात हाउशिप आणि रोमबर्ग या दोन डॉक्टरांनी ही खूण लिहून ठेवली, आजही ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. तुमची आई पाय पोटाशी घेऊन निजते हे तुम्ही सहज लिहून गेलात. माझ्या दृष्टीनं पत्रातली सगळ्यात मोठी ओळ तीच. अर्थात ही खूण निम्म्या रुग्णांतही सापडत नाही, म्हणून तिच्यावाचून अडून बसायचं नसतं. आणि घरी आईचा पाय वळवून बघत बसू नका, तिला उगाच त्रास होईल.

इतर वाचकांसाठी इथं थोडं थांबते, नाहीतर उद्या खानापूर-चंदगडपासून चिकोडीपर्यंतच्या सगळ्या आज्या सीटीच्या रांगेत उभ्या राहतील. मांडी-गुडघा दुखणाऱ्या बहुतेक बायकांना हा हर्निया नसतो. हर्नियाच्या शंभर रुग्णांत याचा रुग्ण एखादाच, बहुधा तोही नाही. गुडघ्याची झीज असेल तर उठताना, पायऱ्या उतरताना दुखतं. कमरेतून शीर दबली असेल तर कळ बहुतेक वेळा मांडीच्या मागून पोटरीत जाते. पण बाई सत्तरीच्या पुढची असेल, वाळलेली असेल, मांडीच्या आतून कळ येत असेल आणि त्याच्या जोडीला अधूनमधून पोट फुगून, मुरडा येऊन उलट्या होत नि आपोआप थांबत असतील, तर वायुगोळा म्हणून घरी बसू नये. सर्जनकडं जावं आणि पोटाबरोबर कमरेच्या खालपर्यंतचा सीटी काढावा. सोनोग्राफीत तो दिसू शकतो, पण बघणाऱ्याच्या हातावर आणि नजरेवर बरंच अवलंबून असतं. सीटीत मांडीच्या स्नायूंमध्ये आतड्याचं वेटोळं सहसा स्पष्ट दिसतं. सीटी सर्रास मिळायला लागल्यापासून हा आजार ऑपरेशनच्या आधी कळू लागलाय. त्याआधी तो बहुधा पोट उघडल्यावरच कळायचा, जसा मला कळला. १७२४ साली फ्रेंच शल्यवैद्य आर्नो द रोंसिल यांनी याचं पहिलं वर्णन केलं, आणि पहिलं यशस्वी ऑपरेशन हेन्री ओब्रे यांच्या हातून झालं ते १८५१ साली. मधली सव्वाशे वर्षं आजार नुसता माहीत होता.

आता तुमच्या भावाशी बोलते. हा मजकूर त्यांना फोनवर वाचून दाखवलात तरी चालेल.

दादा, आई आता बरी दिसते कारण आतडं स्वतःहून बाहेर निघालं. फट तशीच उघडी आहे. दोनदा नुसत्या उलट्यांवर निभावलं, तिसऱ्यांदा अ‍ॅडमिट करावं लागलं. ज्या फटीतून आतडं तीन वेळा गेलंय तिथून ते चौथ्यांदा जाणार, आणि ते रात्री की दिवसा, कापणीआधी की नंतर, हे तुमच्या-माझ्या हातात नाही. शिवाय या भुयाराच्या कडा कडक असतात. पुष्कळदा आतड्याची एकच बाजू चिमटीत धरल्यासारखी अडकते. अशा वेळी शौचाला थोडं होतंही, घरच्यांना वाटतं पोट चाललंय, आणि आत तो तुकडा मरत असतो. रक्त थांबलेलं आतडं काही तासांत काळं पडतं. मग ते कापून जोडावं लागतं, पोट मोठं उघडावं लागतं, घाण पसरली असेल तर फट झाकायची जाळी बसवणंही धोक्याचं होतं, आणि ३६ किलोच्या शरीरात ते सोसायची ताकद उरत नाही. पोटाच्या भिंतीच्या सगळ्या हर्नियांत सर्वाधिक मृत्यू याच प्रकारात होतात, ते उशिरामुळं. ‘या वयात कापाकापी कशाला’ ही तुमची काळजी मला कळते. पण खरी कापाकापी टाळायची असेल तर ती आत्ताच टळते. कापणीला माणसं मिळतील. शेजारच्या वाड्यातला कोणी आठ दिवस खळं सांभाळेल.

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे नेमकं काय, तेही सांगते, म्हणजे आईला सांगताना तुम्हाला शब्द सापडतील. पूर्ण भूल देतात. बेंबीजवळ साधारण एक सेंटिमीटरचं छिद्र आणि बाजूला अर्ध्या सेंटिमीटरची दोन. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात आणि कॅमेरा घालतात. आतून ती फट समोर दिसते, एक छोटा काळपट खळगा, अस्तराची घडी त्यात ओढली गेलेली. पहिल्यांदा दुर्बिणीतून तो बघितला तेव्हा मी क्षणभर हात थांबवला होता. एवढीशी जागा, करंगळीचं टोक जाईल न जाईल, आणि त्या आजीचा जीव तिनं घेतला होता. सर्जन पोटाचं आतलं अस्तर उघडतात, भुयारात गेलेली अस्तराची पिशवी हळू बाहेर ओढतात, मज्जातंतू सांभाळतात, फटीवर जाळी पसरतात आणि अस्तर पुन्हा शिवून घेतात, म्हणजे जाळीला आतडं चिकटत नाही. त्या हाडावरून काही जणांत एक आडवी रक्तवाहिनी जाते. जुन्या शल्यवैद्यांनी तिला ‘मृत्यूचा मुकुट’ असं नाव ठेवलं होतं, कारण ती चुकून कापली की रक्त आवरत नसे. म्हणून असल्या ऑपरेशनचा सराव असलेल्या हाताकडंच जावं. तुमच्या सर्जनना सरळ विचारा, ‘तुम्ही जांघेचे हर्निया दुर्बिणीनं नेहमी करता का?’ त्यात अपमान काही नाही, चांगला सर्जन या प्रश्नावर रागावत नाही.

आणखी दोन गोष्टी विचारा. पोटाच्या आतून जाणार की पोटाबाहेरच्या थरातून? दोन्ही पद्धती चालतात. पण आईचं आतडं नुकतंच अडकून सुटलंय, म्हणून आतून जाऊन ते डोळ्यांनी बघितलेलं मला बरं वाटेल. आणि डावी बाजूही बघणार का? ही फट पुष्कळदा दोन्हीकडं सैल असते, शेजारी मांडीचा दुसरा हर्नियाही लपलेला असतो. एकाच भुलीत सगळं बघून, लागेल तिथं जाळी बसवता येते. पोट न उघडता हे होतं, हा दुर्बिणीचा मोठा फायदा.

धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. भूल सोसेल का, हे इसीजी, इको, छातीचा एक्स-रे, रक्त, साखर आणि किडनी बघून भूलतज्ज्ञ ठरवतील. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर आधी ते वाढवावं लागेल. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आधीच सांगा. खोकल्याचं औषध ऑपरेशनच्या आधी सुरू करा, नंतर खोकला नको. भूल अजिबात सोसणार नाही असं निघालं, तर सर्जन कमरेखालच्या भुलीत बाहेरून काही करता येईल का ते बघतील. पण तो निर्णय तपासण्या झाल्यावर, घरी बसून नाही.

पैशांचं भावानं बोलून दाखवलं नसलं तरी मनात असणारच. आईचं बीपीएल रेशनकार्ड असेल तर ‘आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक’मध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार बसतात. ठरवून करायच्या ऑपरेशनला साधारणपणे आधी सरकारी दवाखान्याचं शिफारसपत्र लागतं, ते खानापूरच्या तालुका हॉस्पिटलात किंवा बेळगावच्या सिव्हिलमध्ये विचारा. अगदी तातडीच्या वेळी त्यासाठी अडवत नाहीत. महाराष्ट्र शासनानं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू केल्याचं जाहीर केलंय. तुम्ही निपाणीत असल्यानं कोल्हापूर जवळ पडतं, तिथं नेणार असाल तर तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्याला, आईचं गाव त्या यादीत आहे का ते विचारा. पण कागदासाठी दोन महिने घालवू नका. आणि एक लहान पण महत्त्वाचं: संमतीपत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल, तर सही किंवा अंगठा घेण्याआधी कोणाकडून तरी आईला मराठीत सगळं समजावून घ्या. तो तिचा हक्क आहे, आणि मागितलं की समजावणारं कोणी ना कोणी भेटतं.

तारीख मिळेपर्यंत काय सांभाळायचं? शौच मऊ राहील असं खाणं, भरपूर पाणी. घागर उचलायची नाही, धान्याची पाटी उचलायची नाही. जांघ चोळायची नाही. आणि पुन्हा पोट फुगलं, मुरडा आला, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेना, तर तोंडानं काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. एरंडेल नको, एनिमा नको, शेक नको. थेट जिथं सीटी आणि सर्जन दोन्ही चोवीस तास आहेत तिथं न्या, मधे कुठं सलाइन लावून सकाळची वाट बघत बसू नका. जांबोटीकडून रात्रीची गाडी मिळणं सोपं नाही, म्हणून कोणाची गाडी निघेल हे आजच ठरवून ठेवा. सीटीची फिल्म आणि रिपोर्ट पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला अडकवा. नवा डॉक्टर भेटला तर पहिलं वाक्य हेच बोला: ‘हिला ऑब्च्युरेटर हर्निया आहे, सीटीत दिसलाय.’ त्या एका वाक्यानं दोन दिवस वाचतात.

सगळं सुरळीत झालं तर आई त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी उठून चालेल आणि दोन-तीन दिवसांत घरी येईल. पहिले चार-सहा आठवडे जड काम नाही. मांडीत थोडी बधिरता किंवा झिणझिण्या काही दिवस राहू शकतात, घाबरू नका. आणि तिचं वजन वाढवा. दूध, अंडं चालत असेल तर अंडं, भातावर तूप, शेंगदाण्याचा लाडू. चरबीचा तो बोळा पुन्हा भरेल असं मी म्हणत नाही, पण ३६ किलोवर कोणतंच दुखणं सोसत नाही.

आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर तिला तिच्याच शब्दांत द्या. पहिले दोन आठवडे गाऊन किंवा सैल पाचवारी, पोटावरच्या टाक्यांना काष्ट्याची आणि कमरेच्या गाठीची घट्ट ओढ बसू नये म्हणून. टाके सुकले, सर्जननी बघितलं, की लुगडं नेसायचं, काष्टा घालून, पहिल्यासारखं.